सेकंडहँड फोर्ड आणि एक ‘गलोल’

रात्री अकरानंतर लोखंडवालाच्या बॅक रोडला उभे राहा. दहा मिनिटांत एक तरी गाडी अशी जाईल की आवाजावरून वाटावं, आत दोनशे घोडे जुंपलेत. जवळून बघाल तर ती असते वीस-बावीस वर्षं जुनी होंडा सिटी, ‘व्हीटेक’वाली, कुणाच्या तरी काकांकडून आलेली. एक्झॉस्ट बदललेला, बॉनेटखाली लाल मशरूमसारखा पॉड फिल्टर. मालक बहुतेक तुमच्याच कॉलेजात थर्ड इयरला असतो आणि पुढच्या खर्चाचे पैसे साठवत असतो. यावेळी नंबर इनटेक मॅनिफोल्डचा.

तो मालक तुम्ही असाल, किंवा मागच्या सीटवर बसून त्याला फुकटचे सल्ले देणारा मित्र असाल, तर पैसे द्यायच्या आधी व्हिक एडलब्रॉकची ओळख करून घ्या. अमेरिकेत आज मॅनिफोल्ड म्हटलं की ज्या आडनावाकडे बोट दाखवतात, ते याचं. आणि सुरुवात केली तेव्हा त्याचा खिसा तुमच्यापेक्षा हलका होता.

ओटिस व्हिक्टर एडलब्रॉक १९१३ साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये जन्मला. वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. १९२७ मध्ये ते आगीत गेलं आणि चौदाव्या वर्षी व्हिकची शाळा सुटली. घरात पैसे आणण्यासाठी त्यानं जुन्या मॉडेल टी फोर्ड एका गावाहून दुसऱ्या गावच्या डीलरकडे चालवत न्यायचं काम धरलं. रस्ते आपल्या पावसाळ्यातल्या साकीनाक्याला लाजवतील असे. वाटेत गाडीचे नटबोल्ट निखळायचे, काहीतरी तुटायचं, आणि मदतीला कुणीच नसायचं. म्हणजे त्याचा ऑटोमोबाइलचा पहिला सेमिस्टर रस्त्याच्या कडेलाच झाला. मग गावातल्या गॅरेजमध्ये मेकॅनिकची नोकरी. १९३१ मध्ये, मंदी ऐन भरात असताना, तो भावाकडे कॅलिफोर्नियात गेला. दोन वर्षांनी केटीशी लग्न केलं, मेहुण्याच्या भागीदारीत गॅरेज टाकलं, आणि १९३४ मध्ये लॉस एंजेलिसच्या व्हेनिस बुलेव्हार्डवर स्वतःचं. पुढच्या दहा-अकरा वर्षांत त्याला जागा आणखी तीनदा बदलावी लागली. भाड्याच्या जागेत धंदा करणाऱ्या घरातल्या मुलांना यातलं वेगळं समजावून सांगायला नको.

१९३८ मध्ये त्यानं १९३२ची एक फोर्ड रोडस्टर घेतली. सहा वर्षं जुनी. त्यात फोर्डचं प्रसिद्ध ‘फ्लॅटहेड’ व्ही-८ इंजिन होतं. ३.६ लिटरचं, आठ सिलिंडरचं, आणि ताकद किती? ६५ हॉर्सपॉवर. आजची एक लिटरची वॅगनआर जवळपास तेवढी देते. पण हे इंजिन साध्या माणसाला परवडणाऱ्या गाडीत येत होतं, त्यामुळे भंगारातही ते भरपूर होतं. त्या भागातल्या पोरांना स्वस्तात वेग हवा असेल तर फ्लॅटहेडकडेच यावं लागे.

आता जरा थांबून मॅनिफोल्ड म्हणजे काय ते बघू, कारण ‘पॉवर वाढवणारा पार्ट’ एवढ्या माहितीवर बरेच जण हजारो रुपये मोजतात. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळायला हवा लागते. ती एका तोंडातून आत येते आणि मग प्रत्येक सिलिंडरकडे वाटली जाते. हे वाटप करणारी नळ्यांची जुडी म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. नळ्यांना रनर म्हणतात आणि त्या जिथे एकत्र येतात त्या डब्याला प्लेनम. यात हलणारा भाग सहसा नसतो. दिसायला अगदी मुका पार्ट.

अंधेरी स्टेशनचा पूल आठवा, संध्याकाळी साडेसहाचा. एका गाडीचे लोक जिना चढत असतानाच दुसरी लागली की पुलावर सगळेच अडकतात. आठ सिलिंडर एकाच वाटेनं हवा ओढायला लागले की तसंच होतं. एकाचा श्वास संपायच्या आत दुसरा ओढायला लागतो आणि शेजाऱ्याची हवा पळवतो. यावर उपाय असा की दोन पूल ठेवायचे. एक गाडी या पुलाला, पुढची त्या पुलाला. मग प्रत्येक पुलाला मोकळं व्हायला दुप्पट वेळ मिळतो. मॅनिफोल्डच्या भाषेत याला १८० अंशांची रचना म्हणतात. व्ही-८ मध्ये क्रँक दर ९० अंश फिरला की एक सिलिंडर श्वास घेतो. पाळीपाळीनं दोन गट पाडले की प्रत्येक गटाच्या दोन श्वासांत १८० अंशांचं अंतर पडतं.

ही युक्ती व्हिकची नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. फोर्डनं स्वतःच १९३४ मध्ये दोन तोंडांचा कार्बोरेटर आणि अशा रचनेचा मॅनिफोल्ड बसवून त्याच ३.६ लिटरमधून ८५ हॉर्सपॉवर काढली होती. म्हणजे १९३२च्या गाडीवर दोन वर्षांनंतरच्या गाडीचा कंपनीचाच मॅनिफोल्ड चढवणं, हा तेव्हाचा सगळ्यात स्वस्त अपग्रेड. तुमच्या गाडीच्याही वरच्या किंवा नंतरच्या मॉडेलचा ओरिजिनल मॅनिफोल्ड पोर्ट जुळवून बसतो का, हे कुर्ल्याच्या जुन्या पार्टवाल्यांकडे आधी विचारा. चकचकीत बॉक्समधल्या बिननावाच्या मालापेक्षा तो अनेकदा बरा निघतो.

व्हिकला मात्र आणखी हवं होतं. टॉमी थिकस्टन नावाचा एक डिझायनर फ्लॅटहेडसाठी खास मॅनिफोल्ड बनवत होता. व्हिकनं त्याच्याबरोबर काम केलं, पण निकाल पटेना. मग त्यानं स्वतःचा ओतवून घेतला, ॲल्युमिनियमचा, एकावर दोन कार्बोरेटर बसतील असा. त्याचं नाव पडलं ‘स्लिंगशॉट’, म्हणजे गलोल.

बजेटवाल्यांनी इथे कान टवकारावेत. त्यानं वर बसवलेले कार्बोरेटर स्ट्रॉमबर्ग ९७ होते. ते काही रेसिंगचे महागडे पीस नव्हते. १९३६ ते १९३८ च्या फोर्डवर कंपनीतूनच लागून यायचे, त्यामुळे जुन्या गाड्यांवरून सहज निघायचे. एक गाडीवर आहेच, दुसरा भंगारातून आणा. नवीन असा फक्त मधला मॅनिफोल्ड. वर पाळीपाळीनं हवा वाटायची १८० अंशांची शिस्त त्यानं सोडली नाही.

आणि मग तो मोजायला गेला. लॉस एंजेलिसपासून शंभर किलोमीटरहून लांब वाळवंटात कोरडी पडलेली तळी आहेत, म्युरॉक, रोझामंड अशी. गच्चीसारखी सपाट, मैलोन् मैल. रस्त्यावर रेसिंग करून पोलिसांच्या शिव्या खाण्यापेक्षा तिकडची पोरं तिथे जायची. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून वेळ नोंदवणारी संघटनाही काढली. व्हिकची रोडस्टर ही घरची रोजची गाडी. तीच तो तळ्यापर्यंत चालवत न्यायचा, तिथे मडगार्ड आणि पुढची काच उतरवायचा, पळवायचा, परत सगळं लावून घरी. १६ नोव्हेंबर १९४१ ला रोझामंडला तिची नोंद झाली ताशी १२१.४२ मैल, म्हणजे साधारण १९५ किलोमीटर. तीन आठवड्यांनी पर्ल हार्बर झालं आणि हा सगळा खेळ थांबला.

हा वेग एकट्या मॅनिफोल्डचा नव्हता. हेड, कॅमशाफ्ट, कॉम्प्रेशन, सगळ्यावर हात फिरवलेला होता. पण जो कुणी त्या तळ्यावर उभा होता त्याला आकडा दिसत होता, आणि गलोल कुठे मिळते हे तो विचारत होता. युद्धाआधी व्हिकनं असे शंभरेक मॅनिफोल्ड विकले.

युद्धात तो लाँग बीचच्या गोदीत वेल्डिंग करत होता, विमानांचे भागही बनवत होता. शांतता झाल्यावर त्यानं हॉलीवूडमध्ये जागा विकत घेतली, पहिल्यांदाच स्वतःची, आणि १९४६ मध्ये पहिला कॅटलॉग काढला.

माझा आवडता किस्सा १९५० चा आहे. तेव्हा छोट्या ‘मिजेट’ गाड्यांच्या शर्यतींत ऑफेनहाउजर इंजिनांचं राज्य होतं. खास शर्यतीसाठीच बनवलेली, महाग इंजिनं. व्हिकच्या मिजेटमध्ये होतं फोर्डचं सगळ्यात छोटं व्ही-८, मुळात ६० हॉर्सपॉवरचं, रस्त्यावरच्या गाडीतलं. लॉस एंजेलिसच्या गिलमोर स्टेडियमवर रॉजर वॉर्डनं त्या गाडीनं सगळ्या ऑफेनहाउजर मागे टाकल्या. फोर्डच्या त्या इंजिननं तिथे असं पहिल्यांदाच केलं. गुपित इंधनात होतं. त्यात नायट्रोमिथेन मिसळलं होतं आणि बाहेर कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. केमिस्ट्रीवाल्यांना लगेच कळेल: नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जळतं. मॅनिफोल्डचा माणूस, पण हवा आणखी आत कोंबता येत नाही म्हटल्यावर त्यानं हवेची गरजच कमी केली. मला त्याच्या कुठल्याही कास्टिंगपेक्षा हा विचार भारी वाटतो. (घरी करू नका. इंजिनचे तुकडे होतात, आणि ते हात-पाय बघून उडत नाहीत.)

आता परत बॅक रोडच्या सिटीकडे येऊ. ती १.५ लिटरची, कंपनीतूनच १०६ हॉर्सपॉवर घेऊन आलेली. तिच्यात कार्बोरेटर नाही. बाबांना काळी-पिवळी पद्मिनीचा चोक ओढलेला आठवत असेल, तो जमाना गेला. इंजेक्टर थेट सिलिंडरच्या तोंडाशी पेट्रोल फवारतो, मॅनिफोल्डमधून फक्त हवा येते. त्यामुळे ‘मोठा मॅनिफोल्ड म्हणजे जास्त पॉवर’ हे आणखीच कमी खरं. रनरमधली हवा वजनदार असते, व्हॉल्व्ह बंद झाला की ती आपटते आणि दाबाची लाट मागे उसळते. ती लाट फिरून परत येईल तेव्हा व्हॉल्व्ह उघडा असेल तर हवा फुकटात कोंबली जाते. हे कितव्या आरपीएमला जुळणार ते रनरची लांबी ठरवते. लांब, बारीक रनर खालच्या आरपीएमला पिकअप देतो. आखूड, जाड रनर वरच्या. बाजारात ‘रेसिंग’ म्हणून मिळणारे मॅनिफोल्ड बहुतेक दुसऱ्या जातीचे. ते सहा-सात हजार आरपीएमला गातात, आणि लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये दोन हजारावर गाडी रडते. एव्हरेज जातो तो वेगळाच. तुम्ही महिन्यातून किती मिनिटं सात हजारावर असता, प्रामाणिकपणे सांगा.

मला विचाराल तर पहिले पैसे कॉम्प्रेशन टेस्ट, थ्रॉटल बॉडीची सफाई आणि मॅनिफोल्डच्या जुन्या गॅस्केटवर घाला. वीस वर्षांच्या गाडीत तिथूनच हवा गळत असते. लाल पॉड फिल्टर इंजिनची गरम हवा ओढत असेल तर कंपनीचा एअरबॉक्स परत लावा. मग डायनोवर एकदा आकडा घ्या. एवढं झाल्यावरही इंजिन वरच्या आरपीएमला गुदमरत असेल तरच मॅनिफोल्ड, आणि त्याच्यासोबत ईसीयू ट्यूनिंगचा खर्च धरून, नंतर त्याच डायनोवर दुसरा आकडा. आणखी एक, एमएच ०२ वाल्यांनो: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं घालतं. पीयूसी आणि इन्शुरन्स क्लेमच्या वेळी हे आठवण्यापेक्षा आत्ता आठवलेलं बरं.

हात खाजवतच असतील तर कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये घुसा. विद्याविहारच्या सोमय्याची आहे, पार्ल्याच्या डीजे संघवीची आहे. तिथे नियमच असा की पेट्रोल इंजिनची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून जायला हवी. भोक मोठं करता येत नाही, म्हणून सगळी अक्कल मागच्या प्लेनम आणि रनरमध्ये ओतावी लागते. मॅनिफोल्ड रात्रभर बसून डिझाइन करायचा, थ्री-डी प्रिंट करायचा, फुटला की परत करायचा, आणि तो पळवायला खरा ट्रॅक मिळतो. त्या पोरांचं कोरडं तळं म्हणजे कोइम्बतूरचं करी स्पीडवे.

व्हिकचं पुढचं थोडक्यात. १९५५ मध्ये शेव्हर्लेनं नवं छोटं व्ही-८ आणलं आणि फ्लॅटहेडचे दिवस संपले. ज्याचं नाव फ्लॅटहेडवर झालं होतं तो माणूस त्यावर रडत बसला नाही, शेव्हर्लेच्या मागे लागला. १९५७ मध्ये शेव्हर्लेनं २८३ घन इंचाच्या इंजिनातून २८३ हॉर्सपॉवर काढून दाखवली होती, पण महागड्या फ्युएल इंजेक्शनवर. पुढच्याच वर्षी व्हिकच्या वर्कशॉपनं तेवढ्याच घन इंचांतून ३०३ काढली, कार्बोरेटर आणि स्वतःच्या मॅनिफोल्डवर.

११ नोव्हेंबर १९६२ ला कर्करोगानं तो गेला तेव्हा ४९ वर्षांचा होता. कंपनीत दहा माणसं होती. किल्ल्या २६ वर्षांच्या मुलाच्या हातात आल्या, त्याचंही नाव व्हिकच. त्याच शेव्हर्ले व्ही-८ साठीचे मॅनिफोल्ड एडलब्रॉकच्या कॅटलॉगमध्ये आजही आहेत, आणि कुठला घ्यायचा हे ठरवण्यासाठी प्रत्येकासमोर तो किती आरपीएमपासून किती आरपीएमपर्यंत चालतो ते छापलेलं असतं.