एमी जॉन्सन : विमाने पोहोचविणारी वैमानिक

एमी जॉन्सन हे नाव आपल्यापैकी अनेकींच्या कानावरून गेले असेल. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने विमान नेणारी पहिली स्त्री, एवढी तिची ओळख बहुधा सांगितली जाते. मला मात्र तिच्या आयुष्यातील शेवटचे वर्षच अधिक मोलाचे वाटते. त्याविषयी सांगावे म्हणून हा लेख.

एमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडमधील हल या बंदरात झाला. वडील मासळीचे व्यापारी. चार बहिणींत ही थोरली. शेफील्ड विद्यापीठातून पदवी घेऊन ती लंडनला एका वकिलाच्या कचेरीत नोकरीस लागली. तेथे तिला विमानविद्येचा छंद जडला. सन १९२९ मध्ये तिने वैमानिकाचा परवाना मिळविला, आणि तेवढ्यावर न थांबता विमानदुरुस्तीच्या कामाचाही परवाना घेतला. हा दुसरा परवाना मिळविणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री होय. यंत्र चालवायचे तर ते उघडून जोडताही आले पाहिजे, ही तिची वृत्ती मला फार आवडते.

वडिलांनी आणि लॉर्ड वेकफील्ड यांनी पैशाची मदत केली, तेव्हा तिने एक जुने, लाकूड-कापडाचे विमान विकत घेतले. वडिलांच्या व्यापारचिन्हावरून त्याचे नाव ठेवले 'जेसन'. ५ मे १९३० रोजी ती लंडनजवळच्या क्रॉयडनहून निघाली. त्याच दिवशी पहाटे मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाली होती. आपला देश असा पेटलेला असताना ही सव्वीस वर्षांची मुलगी सहा दिवसांत कराचीला पोहोचली. पुढे पेट्रोल संपत आल्याने तिला झाशीच्या लष्करी कवायत मैदानावर उतरावे लागले. रंगूनजवळ इन्सीन येथे उतरताना विमान खड्ड्यात जाऊन पंख मोडला. तेथील तंत्रशाळेच्या मंडळींनी तो दुरुस्त करून दिला. अखेर २४ मे रोजी, सुमारे ११,००० मैलांचा प्रवास करून, ती डार्विनला उतरली. तिचे सर्वत्र सत्कार झाले. एका वृत्तपत्राने तिला १०,००० पौंड दिले. पुढे टोकियो आणि केपटाउनच्या उड्डाणांत तिने आणखी विक्रम केले. वैमानिक जिम मॉलिसन यांच्याशी १९३२ मध्ये झालेला विवाह मात्र १९३८ मध्ये घटस्फोटात संपला.

मग महायुद्ध आले. स्त्रियांना लढाऊ विमानदलात वैमानिक म्हणून घेत नसत. पण कारखान्यांतून आणि दुरुस्ती-केंद्रांतून विमाने लष्करी तळांवर पोहोचविणारी एक संघटना होती. तिच्या स्त्री-विभागाच्या प्रमुख होत्या पॉलीन गॉवर. एमी १९४० मध्ये तेथे रुजू झाली. जगभर गाजलेली ही बाई आता दररोज सांगितलेले विमान सांगितलेल्या ठिकाणी नेऊन ठेवीत असे. या कामात टाळ्या नव्हत्या. पगारही पुरुषांपेक्षा एकपंचमांशाने कमी असे. तो समान झाला १९४३ मध्ये, तिच्या मागे. विमानात रेडिओ वापरावयाचा नसे. खालची नदी, रूळ आणि गावे ओळखीत जायचे. ढग दाटले की वाट बंद. अशा रीतीने त्या संघटनेने युद्धकाळात तीन लाखांहून अधिक विमाने पोहोचविली.

४ जानेवारी १९४१ ची रात्र एमीने ब्लॅकपूल येथे बहिणीच्या घरी काढली. दुसऱ्या दिवशी वाईट हवेत ती 'ऑक्सफर्ड' जातीचे दोन इंजिनांचे विमान घेऊन किडलिंग्टनकडे निघाली. प्रवास जेमतेम तासाभराचा. पण साडेतीन तासांनंतर ती वाट चुकून टेम्स नदीच्या मुखावर होती. तेथे तिने हवाईछत्रीने उडी घेतली. 'हॅसलमिअर' या जहाजावरील लोकांनी छत्री पाहिली, दोर टाकले. पण ते तिच्या हाती लागले नाहीत. जहाजाचे अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांनी गोठविणाऱ्या पाण्यात उडी टाकली. त्या गारठ्याने त्यांचाही अंत झाला. एमीचा देह कधीच मिळाला नाही. वय अवघे सदतीस.

या अपघाताबद्दल नाना तर्क झाले. मला त्यांत फारसा रस नाही. ज्या बाईने सारे जग पाहिले, तिने अखेरीस तासाभराचे एक साधे काम नेमून दिले म्हणून हाती घेतले, आणि त्याच कामात प्राण ठेवला, हीच गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. आपल्या घरात आणि आपल्या मंडळातही पुष्कळशी कामे अशीच असतात. ती कुणी पाहत नाही, पण ती झाली नाहीत तर सारे अडते.

तिचे 'जेसन' लंडनच्या विज्ञान-संग्रहालयात ठेवले आहे. ज्यांचे देह सापडले नाहीत अशा वीस हजारांहून अधिक वीरांची नावे रनीमीड येथील स्मारकावर १९५३ मध्ये कोरली गेली. त्या रांगांत, इतरांच्याच बरोबरीने, एमी जॉन्सनचेही नाव आहे.