विद्यापीठाचं दार सर्वांसाठी : शिक्षक आणि संशोधक डॉ. बाबासाहेब आंबेडकर

विद्यार्थी मित्रांनो, डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्याला पटकन संविधान आठवतं. महाडचं चवदार तळं आठवतं. पण बाबासाहेब संशोधक होते, प्राध्यापक होते, प्राचार्य होते आणि त्यांनी स्वतः कॉलेजं काढली, हे मात्र आपल्या उत्तरात एका ओळीत संपतं. आज आपण तीच ओळ थोडी सविस्तर पाहू या.

शाळेतले दिवस

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू इथं झाला. वडील रामजी सुभेदार लष्करात शिक्षक होते, त्यामुळे घरात अभ्यासाला मान होता. साताऱ्याच्या शाळेत मात्र छोट्या भीमरावाला वर्गात बाजूला, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी प्यायचं! पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये प्रवेश मिळाला, पण संस्कृत शिकायची इच्छा असूनही पर्शियन घ्यावं लागलं. शाळेचं दार उघडं होतं, पण आत सगळ्यांना सारखी जागा नव्हती. हा अनुभव ते कधी विसरले नाहीत.

परदेशातलं संशोधन

बी. ए. झाल्यावर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं ते तासन्‌तास ग्रंथालयात बसत. मे 1916 मध्ये त्यांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं 25 वर्षं! जातीबाहेर लग्न न करण्याच्या बंधनावर जातिव्यवस्था टिकून आहे, असं त्यांनी त्यात मांडलं. विधवाविवाहाची बंदी आणि बालविवाह या चालीसुद्धा त्याच बंधनासाठी आहेत, हेही दाखवलं. जे स्वतः सोसलं त्याच्यावर नुसता राग न काढता त्यांनी त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला.

पुढे ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं 1917 साली शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. करारानुसार बडोद्यात नोकरी धरली. एवढ्या शिकलेल्या माणसाला तिथं राहायला घर मिळेना! कचेरीतले शिपाई फायली लांबूनच टाकत. शेवटी त्यांनी बडोदा सोडलं.

प्राध्यापक आंबेडकर

1918 साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांचं शिकवणं इतकं चांगलं होतं की दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही ऐकायला यायची. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातलं पाणी त्यांनी घेऊ नये, असा काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता. विचार करा, साताऱ्यातल्या नळापासून सिडनहॅमच्या माठापर्यंत किती बदललं होतं?

पगारातून पैसे साठवून, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि एका मित्राकडून कर्ज घेऊन ते 1920 साली पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी त्यांना 1923 साली डी. एस्सी. मिळाली. ते बॅरिस्टरही झाले.

विद्यापीठ कसं असावं?

1924 साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी एक समिती नेमली होती. बाबासाहेबांनी तिच्यापुढे आपलं म्हणणं लेखी मांडलं. विद्यापीठ म्हणजे नुसतं परीक्षा घेणारं कार्यालय नव्हे, शिकवणं आणि संशोधन एकमेकांपासून तोडू नये, असं त्यांचं मत होतं.

1927 साली ते मुंबई विधिमंडळात गेले. तिथं त्यांनी आकडेवारी मांडली. प्राथमिक शाळेत येणाऱ्या 100 मुलांपैकी फक्त 18 मुलं चौथीपर्यंत पोचतात, बाकीची 82 पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सरकारला सुनावलं. विद्यापीठाच्या सिनेटमध्ये मागासवर्गीयांचे प्रतिनिधी हवेत, असाही आग्रह धरला. नियम जिथं ठरतात तिथं आपला माणूस नसेल तर गरिबाच्या मुलाची अडचण मांडणार कोण?

स्वतः काढलेली कॉलेजं

1925 साली सोलापुरात त्यांच्या संस्थेनं वसतिगृह सुरू केलं. 1935 साली ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी 3 लाख रुपये मंजूर करून घेतले.

1945 साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 20 जून 1946 रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. तिथं वर्ग सकाळी भरत. का? तर दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांनाही शिकता यावं म्हणून! कॉलेज सर्व जातीधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी खुलं होतं.

मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता आणि तिथं उच्च शिक्षणाची सोय फार कमी होती. म्हणून 1950 साली औरंगाबादला (आजचं छत्रपती संभाजीनगर) त्यांनी कॉलेज काढलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. खेड्यापाड्यांतली मुलं इथं आली, वसतिगृहात राहिली आणि लिहू लागली. दलित साहित्याच्या चळवळीला इथं मोठं बळ मिळालं. ‘अस्मितादर्श’ चालवणारे गंगाधर पानतावणे याच कॉलेजात शिकवत होते.

6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. 1958 साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला 1994 साली त्यांचं नाव जोडलं गेलं.

या चरित्रातून काय शिकायचं?

मुलांनो, प्रवेश मिळाला म्हणजे सगळं मिळालं, असं होत नाही. राहायला वसतिगृह, वाचायला पुस्तक, जमेल अशी वर्गाची वेळ, पाण्याच्या माठावर सारखा हक्क आणि निर्णय घेणाऱ्यांत जागा, हे सगळं मिळालं तरच शिक्षण खऱ्या अर्थानं सर्वांचं होतं. बाबासाहेबांनी यातली एकेक गोष्ट आधी स्वतः सोसली, मग अभ्यासली आणि मग दुसऱ्यांसाठी उभी केली.

आता एक काम करा. आपल्या वर्गात असं कोणी आहे का, जे रोज येतं पण ज्याला कोणी आपल्यात घेत नाही? उद्या डबा खाताना त्याच्या शेजारी जाऊन बसा.