दंतवैद्यकाचे जनक : पिएर फोशार



गेल्या महिन्यात आपल्या शाळेत दंततपासणी झाली. बऱ्याच जणांच्या कार्डावर हिरड्या सुजल्याचा शेरा होता. ब्रश केला की रक्त येते म्हणून ब्रश करणेच सोडले, असे पाचवीतल्या एका मुलीने डॉक्टरांना सांगितले. आम्हा शिक्षकांना हसू आले खरे, पण मला माझी आजी आठवली. ती मिश्री लावायची. हिरड्यांतून रक्त येऊ लागले तेव्हा तिने मिश्री आणखी वाढवली. पन्नाशीच्या आतच तिचे दात एकेक करून हलून पडले आणि घरात सर्वांनी ते वयावर ढकलले. ते वयामुळे नव्हते. हिरड्यांच्या या रोगाकडे ज्यांनी प्रथम नीट लक्ष वेधले त्यांपैकी एक म्हणजे पिएर फोशार.

फोशार यांचा जन्म १६७८ च्या सुमारास फ्रान्समध्ये झाला. पंधराव्या वर्षी ते आरमारात दाखल झाले. तेथे पोतलरे या शस्त्रवैद्यांच्या हाताखाली त्यांनी धडे घेतले. त्या काळी जहाजे महिनोनमहिने समुद्रावर असत. ताजी भाजी, फळे मिळत नसल्याने खलाशांना स्कर्व्ही होई. हिरड्या फुगून दातांवर चढत, रक्त वाहे, घास चावता येत नसे. आपल्याकडचेच उदाहरण पाहा. १४९८ मध्ये गोव्याच्या दक्षिणेकडील अंजदीव बेटावरून परत निघालेल्या वास्को द गामाचे सुमारे तीस खलाशी आफ्रिकेचा किनारा गाठेपर्यंत याच रोगाने दगावले. हा ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा परिणाम, हे विसाव्या शतकात पक्के कळले. कोवळ्या वयातील फोशार मात्र रोज अशी तोंडे पाहत होते.

आरमार सोडल्यावर त्यांनी आंजे शहरात व्यवसाय सुरू केला आणि १७१९ च्या सुमारास ते पॅरिसला आले. दात काढणे हे तेव्हा न्हाव्यांचे आणि जत्रेतल्या भोंदूंचे काम होते. पॅरिसच्या पुलावर ढोल-ताशांच्या गजरात दात उपटले जात! ज्याला थोडेफार येई, तो ते कोणाला शिकवत नसे. फोशार यांनी याच्या उलट केले. आपल्याला जे जे माहीत होते ते त्यांनी लिहून काढले, नामवंत वैद्यांना वाचायला दिले आणि १७२८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. रोग्याला जमिनीवर न बसवता खुर्चीत बसवावे, असेही त्यांनी सांगितले. आज दिलसुखनगरच्या रस्त्यावर कोचिंग क्लासच्या पाट्यांच्या मधेमधे दातांच्या ज्या दवाखान्यांच्या पाट्या दिसतात, तिथल्या खुर्चीची ही पूर्वज म्हणायची.

दात अळीमुळे पोखरतो असा समज जगभर होता. आपणही ‘दाताला कीड लागली’ म्हणतोच ना? फोशार यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहूनही त्यांना अशी अळी दिसली नाही आणि तसे त्यांनी स्पष्ट लिहिले. गोड पदार्थांनी दात बिघडतात हेही त्यांनी सांगितले. मात्र सगळेच त्यांना अचूक कळले होते असे नाही. दातदुखीवर स्वतःच्या लघवीने चूळ भरावी, असाही त्यांचा सल्ला होता. तो कृपा करून कोणी अमलात आणू नये!

१७४६ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी स्कर्व्हीहून वेगळ्या अशा हिरड्यांच्या रोगाचे वर्णन केले. माणूस एरवी धडधाकट असतो, पण हिरडी दाबली की पू येतो आणि दात सैल होतात. पुढे या रोगाला त्यांचेच नाव पडले; नंतर तो पायोरिया म्हणून ओळखला जाऊ लागला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळांशी होणारे १५ रोग सांगितले आहेत. त्यांतल्या ‘उपकुश’ या रोगाची लक्षणे अशीच आहेत.

यावर फोशार यांचा भर होता तो दातांवरचे कीटण खरवडून काढण्यावर. त्यासाठी त्यांनी निरनिराळी हत्यारे वर्णिली. आजचे डॉक्टर स्केलिंग करतात ते हेच काम. स्केलिंगने दात हलतात, अशी भीती पालकसभेत हमखास ऐकू येते. खरे पाहता रोगाने हाड आधीच झिजलेले असते. फटीत बसलेले कीटण निघाले की तो सैलपणा जाणवतो, इतकेच. हाड एकदा गेले की बहुधा परत येत नाही. नुसती सूज असेल तर मात्र हिरडी पूर्ण बरी होऊ शकते. म्हणून रक्त आले तर ब्रश बंद करू नये. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, दोन मिनिटे, हिरडीच्या कडेपर्यंत घासावे आणि डॉक्टरांना दाखवावे. हा रोग बरेचदा दुखत नाही, त्यामुळे तोंडाची दुर्गंधी, रक्त, खाली सरकलेली हिरडी याच त्याच्या खुणा. मधुमेह असलेल्यांना त्याचा त्रास अधिक होतो आणि हिरड्या बिघडल्या की साखरही आटोक्यात राहत नाही. तंबाखू आणि मिश्री यांनी तर रोग वाढतो, पण रक्त कमी दिसते. आजीचे असेच झाले असावे.

फोशार १७६१ मध्ये पॅरिसमध्ये वारले. त्यांच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर १७३३ मध्येच झाले होते. इंग्रजीत मात्र तो १९४६ मध्ये आला. ते भाषांतर केले लिलियन लिंडसे यांनी, ब्रिटनमध्ये दंतवैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या महिलेने.