शेतकऱ्यांना एका शेकोटीभोवती बसविणारे धर्मगुरू : कॅनन जॉन हेज

आयर्लंडच्या लिमरिक परगण्यातील मुरो या खेड्यात ११ नोव्हेंबर १८८७ रोजी एका लाकडी झोपडीत जॉन मार्टिन हेज यांचा जन्म झाला. ती झोपडी त्यांच्या आईवडिलांच्या मालकीची नव्हती. जमीनदारांनी बेदखल केलेल्या कुळांना निवारा मिळावा म्हणून ‘लँड लीग’ या चळवळीने अशा झोपड्या उभारल्या होत्या. लॉर्ड क्लॉनकरी या जमीनदाराचे कूळ असलेले हेज कुटुंब खंडाच्या वादात घरादाराला मुकले होते. त्या ओलसर झोपडीत जॉन यांची अनेक भावंडे बालपणीच दगावली. पुढे कुटुंबाला जमीन परत मिळाली. परंतु जमीन गेली म्हणजे काय काय जाते, हे त्या मुलाने जन्मापासून पाहिले होते.

पॅरिस येथील आयरिश महाविद्यालयात धर्मशिक्षण पूर्ण करून १९१३ साली त्यांनी गुरुदीक्षा घेतली. त्यानंतर १९१५ ते १९२४ या काळात त्यांनी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे सेवा केली. पोटापाण्यासाठी गाव सोडलेले हजारो आयरिश लोक या बंदरात वस्ती करून होते. गाव ओस पडले की माणसे कोठे जाऊन पोहोचतात, याचे दर्शन फादर हेज यांना तेथे रोज घडत होते.

ते मायदेशी परतले, तेव्हा देश स्वतंत्र झाला होता. पण १९२२-२३ च्या यादवी युद्धाने खेडोपाडी मने दुभंगली होती. एका बाकावर बसून मिस्सा ऐकणारे शेजारी बाहेर पडल्यावर एकमेकांशी बोलत नसत. दुसरी दरी अधिक जुनी होती. १९०३ च्या जमीन कायद्यानंतर कुळे मोठ्या संख्येने जमिनीची मालक झाली होती. कालचे कूळ आज मालक झाले. शेतमजूर मात्र मजूरच राहिला. मजुरीच्या दरावरून दोघांत कायमची तेढ असे. जमीनदार गेला, तरी गाव एक झाले नव्हते.

या दुखण्यावर उपाय म्हणून फादर हेज यांनी १९३१ साली ‘मुइंतिर ना तीरे’ ही संघटना स्थापन केली. या आयरिश नावाचा अर्थ ‘भूमीची माणसे’ असा आहे. बेल्जियममधील कॅथलिक शेतकरी संघ त्यांच्या नजरेसमोर होता. आरंभी या संघटनेचे स्वरूप आर्थिक संस्थेचे होते. ते फारसे रुजले नाही. केवळ भावाचा आणि नफ्याचा विचार करून माणसे जवळ येत नाहीत, हे त्यांनी ओळखले आणि अपयशाने खचून न जाता १९३७ साली संघटनेची नव्याने मांडणी केली.

नव्या मांडणीचा पाया होता धर्मग्राम. प्रत्येक धर्मग्रामात एक मंडळ स्थापन करावयाचे आणि त्याच्या समितीवर शेतकरी, शेतमजूर, बेरोजगार, व्यापारी व व्यावसायिक अशा प्रत्येक गटाने आपले प्रतिनिधी स्वतः निवडून द्यावयाचे, अशी ही योजना होती. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या आपल्या परिपत्रकात वर्गसंघर्षाऐवजी सहकार्याचा जो मार्ग दाखविला होता, त्याचेच हे ग्रामीण रूप होते. येथे शंभर एकरांचा मालक आणि त्याच्या शेतावर राबणारा गडी एकाच मेजाशी बसत. राजकीय पक्षभेदाला मंडळात थारा नव्हता.

फादर हेज यांची खरी हातोटी दिसून आली ती त्यांच्या ‘ग्राम सप्ताहां’त. निरनिराळ्या गावांतील माणसे काही दिवस एकत्र राहत. दिवसा प्रार्थना, शेतीविषयक व्याख्याने आणि चर्चा होई. सायंकाळी शेकोटीच्या गप्पांची बैठक भरे. तेथे कोणीही उठून मनातले बोलावे, अशी मुभा होती. त्यानंतर गाणी होत. शेतकऱ्याला केवळ बी-बियाणे पुरत नाही, त्याला सोबतही लागते. कंटाळवाण्या, एकाकी खेड्यातून तरुण निघून जाणारच, हे त्यांनी जाणले होते. म्हणून करमणूक ही त्यांच्या लेखी किरकोळ बाब नव्हती.

१९४६ साली टिपरेरी परगण्यातील बान्शा येथे ते प्रमुख धर्मगुरू झाले. गावातील माणसांना गावातच काम मिळावे, यासाठी तेथे जॅम तयार करण्याचा उद्योग सुरू झाला. ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी योजना आली, तेव्हा संघटनेने घरोघरी लोकांची मने वळविली. १९४८ साली बान्शा विजेने उजळले. ज्या घरांत दिवे लागले, तेथील स्त्रियांचे कष्ट हलके होण्याची ती सुरुवात होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोळसा मिळेनासा झाला, तेव्हा मंडळांनी दलदलीतील पीट हे जळण काढून गरजूंच्या चुली पेटत्या ठेवल्या होत्या.

तथापि, सर्वच साध्य झाले असे नाही. अनेक मंडळे उत्साही धर्मगुरूच्या बळावर उभी राहिली आणि त्याची बदली होताच विझली. समतेचे तत्त्व मान्य असूनही काही ठिकाणी मोठ्या शेतकऱ्यांचाच आवाज वरचढ राहिला. स्थलांतरही थांबले नाही. १९५० च्या दशकात सुमारे ४ लाख माणसांनी आयर्लंड सोडले. ज्या गळतीविरुद्ध फादर हेज आयुष्यभर झगडले, ती त्यांच्या डोळ्यांदेखत वाढतच गेली. तरीही गावोगावी फिरणे, बोलणे आणि माणसे जोडणे त्यांनी सोडले नाही. ‘कॅनन’ हा सन्मान लाभल्यावरही ते बान्शाचेच राहिले.

३० जानेवारी १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची संघटना मात्र टिकली. पुढे मंडळांच्या जागी लोकनियुक्त ग्रामपरिषदा आल्या, तर एकाकी वृद्धांच्या सुरक्षिततेसाठी १९८५ साली या संघटनेने पोलिसांच्या सहकार्याने शेजारसंरक्षणाचा उपक्रम सुरू केला.

बेदखल कुळाच्या झोपडीत जन्मलेल्या या धर्मगुरूने सूडाचा मार्ग निवडला असता, तर कोणाला नवल वाटले नसते. त्यांनी शेकोटी पेटविली आणि भांडलेल्या शेजाऱ्यांना तिच्याभोवती बसविले. आपल्याही धर्मग्रामांत बांधावरून, वाटणीवरून, राजकारणावरून अबोला धरलेली घरे आहेत. पुढच्या रविवारी मिस्सानंतर त्यांपैकी एकाशी आपण बोलणार आहोत का?