हृदयाचा पंप बनवणारे डॉ. डिबेकी, ज्यांचा जीव त्यांच्याच शोधाने वाचवला

माणूस चालतोय, बोलतोय, पण मनगटावर नाडीच लागत नाही. हृदयाला मदत करणारा पंप बसवलेल्या अनेक रुग्णांचं असं होतं. असा पंप बनवणाऱ्यांत एक मोठं नाव होतं, डॉ. मायकल डिबेकी.

१९०८ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, लेबनॉनहून आलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिवणकाम ते आईकडून शिकले. वैद्यकीय शिक्षण घेतानाच त्यांनी रक्त चढवण्यासाठी रोलर पंप तयार केला. पुढे तोच पंप हार्ट-लंग मशीनमध्ये वापरला गेला.

१९५० च्या दशकात ह्यूस्टनमध्ये त्यांनी डेक्रॉनचं कापड आणलं आणि शिलाई मशीनवर चक्क रक्तवाहिन्या शिवल्या! खराब झालेल्या महाधमनीच्या जागी अशी नळी जोडता येऊ लागली.

१९६६ मध्ये त्यांनी एका महिलेच्या थकलेल्या हृदयाला पंपाचा आधार दिला. १० दिवसांत हृदय सावरलं आणि पंप काढता आला.

पण हे पंप मोठे होते. १९८४ मध्ये डिबेकींनी नासाच्या एका इंजिनिअरवर हृदय प्रत्यारोपण केलं. त्या ओळखीतून छोट्या पंपाचं काम सुरू झालं. यातलं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं आणि रक्त सलग ढकलत राहतं. १९९८ मध्ये युरोपात तो पहिल्यांदा माणसाला बसवला गेला.

खरी अडचण इथे आहे. आपल्या रक्तवाहिन्यांना प्रत्येक ठोक्याला ताणण्याची आणि सैल होण्याची सवय असते. सलग प्रवाहात ठोका जवळजवळ नाहीसा होतो. महाधमनी ताठर होऊ शकते. आतड्यात नाजूक, वेड्यावाकड्या वाहिन्या तयार होऊ शकतात. त्यात फिरत्या पात्यामुळे रक्त गोठायला मदत करणारं एक प्रथिन तुटतं, म्हणून रक्तस्रावाचा धोका वाढतो. तरीही हृदय निकामी होत असलेल्या कित्येकांना अशा पंपांनी जास्तीचं आयुष्य दिलंय. आता काही पंप ठरावीक वेळाने वेग कमी-जास्त करून थोडासा ठोका निर्माण करतात.

२००५ च्या शेवटच्या दिवशी खुद्द डिबेकींची महाधमनी आतून फाटली. वय होतं ९७. काही आठवड्यांनी सहकाऱ्यांनी त्यांच्यावर त्यांनीच विकसित केलेली शस्त्रक्रिया केली आणि डेक्रॉनची नळी बसवली. त्यानंतर ते दोन वर्षांहून जास्त जगले. जुलै २००८ मध्ये ते गेले, तेव्हा शंभरी पूर्ण व्हायला दोनच महिने उरले होते.