खोल दर्यावरील शिकारी : झेन ग्रे

आपल्या कोकणकिनाऱ्यावर ज्यास कुपा किंवा गेदर म्हणतात, त्या टूना जातीचा मासा पुष्कळांनीं बाजारांत पाहिला असेल. त्याच कुळांतील निळ्या पराचा टूना अटलांटिक महासागरांत घोड्याएवढ्या वजनाचा होतो. एकट्या माणसानें गळाच्या काठीनें त्यास जिंकणें हें मोठें साहसाचें काम आहे. या साहसांत नांव मिळविलेल्या एका पुरुषाचें हें अल्पचरित्र आहे.

झेन ग्रे यांचा जन्म ३१ जानेवारी १८७२ रोजीं अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत झेन्सव्हिल गांवीं झाला. वडील दंतवैद्य होते. मुलाला मासे धरण्याचा व गोष्टी लिहिण्याचा नाद. परंतु वडिलांस तो रुचत नसे. त्यानें लिहिलेली पहिली गोष्ट त्यांनीं फाडून टाकली आणि वर त्याला मारही दिला. पुढें घरची स्थिति खालावली व मुलगा वडिलांच्या हाताखालीं दांत काढूं लागला. बेसबॉलच्या खेळांतील नैपुण्यामुळें त्यास पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाची शिष्यवृत्ति मिळाली, आणि १८९६ सालीं तोही दंतवैद्य झाला.

न्यूयॉर्क शहरीं त्यांनीं दवाखाना घातला खरा, पण मन रमेना. १९०३ सालीं पहिली कादंबरी स्वतःच छापून घ्यावी लागली. १९०५ सालीं लीना रॉथ यांच्याशीं विवाह झाला. या बाईंनीं आपल्या वांट्याचा पैसा पतीच्या प्रवासासाठीं दिला, हस्तलिखितें सुधारलीं आणि सारा व्यवहार सांभाळला. एका प्रकाशकाच्या संपादकानें, तुमच्यांत लेखकाचा गुण नाहीं, असें तोंडावर सांगितलें. तरी ग्रे खचले नाहींत. १९१० सालीं त्याच प्रकाशकानें त्यांची कादंबरी स्वीकारली, आणि १९१२ सालच्या 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज' या कादंबरीनें त्यांची कीर्ति सर्वत्र पसरली.

पैसा हातीं येतांच त्यांची समुद्राची जुनी ओढ जागी झाली. कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटॅलिना बेटावर चार्ल्स होल्डर यांनीं १८९८ सालीं टूना क्लब स्थापिला होता. काठी व चाक यांनींच, दुसऱ्या कोणाचा हात न लावतां मासा आणावा, असा तेथील दंडक होता. कारण माशालाही झुंजीची संधि मिळावी, हा त्यामागील हेतु. ग्रे या क्लबांत आले आणि निष्णात झाले. पण येथेंच त्यांच्या हातून एक चूक घडली. एका स्त्रीनें त्यांच्याहून किंचित् जड तलवार-मासा पकडला, तेव्हां त्यांनीं तिच्या पराक्रमास कमी लेखलें. क्लबानें त्यांस क्षमा मागावयास लाविलें. क्षमा मागून ते क्लब सोडून गेले.

तेथून त्यांनीं दूरचे समुद्र धुंडाळले. १९२४ सालीं कॅनडांतील नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यापाशीं ७५८ पौंडांचा निळ्या पराचा टूना त्यांनीं गळाला लाविला व बाहेर काढला; त्या वेळीं तो जगांतील उच्चांक ठरला. उन्हाळ्यांत हे मासे तेथें हेरिंग व बांगड्यासारखे मासे खावयास येतात. त्यांचे स्नायु भोंवतालच्या पाण्याहून उष्ण राहतात, म्हणून थंड पाण्यांतही त्यांचा वेग कमी होत नाहीं. असा मासा एकदां सुटला कीं शेंकडों हात दोरी ओढून नेतो. त्या वेळीं दोरी फार आवळली तर तुटते, फार सैल सोडली तर गळ निसटतो. बळापेक्षां येथें संयमच अधिक उपयोगी पडतो.

पुढें न्यूझीलंड व ताहिती येथें त्यांनीं तळ ठोकला. १९३० सालीं ताहितीजवळ १,०४० पौंडांचा मार्लिन मासा त्यांनीं आणला. शार्कांनीं त्याचे लचके तोडले होते, तरीही त्याचें वजन एवढें भरलें. २३ ऑक्टोबर १९३९ रोजीं कॅलिफोर्नियांत त्यांचें निधन झालें.

ग्रे यांचा टूनाचा उच्चांक पुढें मोडला गेला. १९७९ सालीं नोव्हा स्कोशियांतच १,४९६ पौंडांचा मासा गळाला लागला. उच्चांक असे येतात आणि जातात. फाडलेल्या गोष्टीनंतर पुन्हा लेखणी उचलणारा मुलगा मात्र लक्षांत राहतो. त्याची चिकाटी आपण घ्यावी. आणि दुसऱ्याचें यश मोकळ्या मनानें मानण्याचा जो गुण त्यास एका प्रसंगीं साधला नाहीं, तो साधण्याचा यत्नही करावा.