शिक्षक आगरकर
गोपाळ गणेश आगरकर म्हटले की ‘सुधारक’ आठवतो. शिक्षक आगरकर मात्र विस्मरणात जातात. १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी दरिद्री कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाने एम. ए. होऊनही सरकारी नोकरी नाकारली व न्यू इंग्लिश स्कूलमध्ये अध्यापन पत्करले.

१८८८ हे वर्ष विशेष ध्यानात घ्यावे. त्या वर्षी ‘सुधारक’ निघाला, आणि त्याच वर्षी ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हा त्यांचा ग्रंथही. एकीकडे रूढींवर प्रहार, दुसरीकडे उद्देश्य-विधेयांची फोड! मला यात विसंगती दिसत नाही. कोणते वाक्य प्रधान, कोणते गौण, ‘म्हणून’ हे अव्यय नेमके कशास कशाशी जोडते, हे ज्या विद्यार्थ्यास उमगले, त्याला कारण व निष्कर्ष यांमधील निखळलेला दुवा तत्काळ दिसतो. आगरकरांचे निबंधही असेच बांधलेले आहेत: पुष्कळदा प्रतिपक्षाचे म्हणणे आधी, खंडन मागाहून. भाषा क्वचित अतितिखट होई, हेही कबूल केले पाहिजे. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली, तरी त्यांनी युक्तिवादाची वाट सोडली नाही.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. दम्याने देह जर्जर झाला होता. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या ३९व्या वर्षी, ते निवर्तले. अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी स्वतःच पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात.